दहा तास दार वाजवू नका

“पुरुष? माझ्या वसतिगृहात? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?”

“ताई, पुरुष काय म्हणतेस, पायलट आहे तो!”

“मग पायलट काय पुरुष नसतो?”

“अगं, मोठा पायलट बाईच आहे. कॅप्टन बाई. हा त्यांच्या शेजारी बसणारा. आणि अर्ध्या पायलटवर विमान उडत नाही, ताई!”

ताई फाटकाच्या आत, तिचा धाकटा भाऊ फाटकाच्या बाहेर, आणि मधे मुठीएवढं कुलूप. वाऱ्यानं ताईचा पदर तिच्याच तोंडावर आपटत होता, ती तो हिसकून बाजूला करायची आणि पुन्हा भांडायला लागायची. भावाचा आवाज मात्र वाऱ्याला भीक घालत नव्हता. उगाच नाही सगळे त्याला भोंगा म्हणत. नऊ वर्षं तो विमान कंपनीची गाडी चालवत होता. विमानातल्या माणसांना विमानतळावरून हॉटेलात सोडायचं आणि हॉटेलातून परत विमानतळावर, एवढंच काम. गाडीचा हॉर्न दोन महिने बिघडलेला होता, तेव्हाही त्याचं काही अडलं नव्हतं.

आत्ता त्याच्या मागे गाडीत सहा जण बसले होते. कॅप्टन बाई, त्यांचा तो लांबू जोडीदार, आणि प्रवाशांची काळजी घेणाऱ्या चौघी जणी. सहाही जण पहाटे चारपासून जागे. एकीच्या केसांचा अंबाडा सुटून मानेवर आला होता आणि तो परत बांधायची ताकदही तिच्यात नव्हती.

दुपारी तीनला वादळानं विमानतळ बंद पाडला होता. सगळी उड्डाणं रद्द. अडकलेले प्रवासी हॉटेलांवर असे तुटून पडले की कंपनीच्या नेहमीच्या हॉटेलात जेवणाच्या टेबलांखालीसुद्धा माणसं आडवी झाली होती. भोंग्यानं पाच हॉटेलं पालथी घातली. पाचव्या ठिकाणच्या मॅनेजरनं मोठ्या उदारपणे व्यायामशाळा दाखवली. “इथं गाद्या टाकून देतो की.” कॅप्टन बाईंनी एकदा डंबेल्सकडे बघितलं, एकदा मॅनेजरकडे बघितलं आणि सरळ गाडीत येऊन बसल्या.

हे काही त्यांचे लाड नव्हते. नियमच तसा होता. प्रत्येकाला वेगळी खोली, खरीखुरी खाट आणि बंद होणारं दार. दार बंद झालं की दहा तास मोजायचे. त्या दहा तासांत कोणी फोन केला, दार वाजवलं, नुसतं “चहा आणू का” विचारलं, तरी तो माणूस पुन्हा शून्यावर. पुन्हा नवे दहा तास. झोपमोड झालेल्या माणसाच्या हातात विमान देत नाहीत.

आणि घड्याळ तर डोक्यावर बसलं होतं. पहाटे पाच ते सात वारा पडणार, असं हवामानवाले सांगत होते. सातनंतर तो पुन्हा सुटणार आणि मग दोन दिवस विमानतळ बंद. म्हणजे या सहा जणांनी सातच्या आत दारं लावली, तरच सकाळी साडेसहाचं विमान निघणार. आत्ता सहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

त्या विमानाशी भोंग्याचा काय संबंध, तर त्याच विमानाचं तिकीट त्याच्या खिशात होतं. वर्षातून एकदा कंपनी असं फुकटचं तिकीट द्यायची. त्यावर स्पष्ट लिहिलेलं असायचं, जागा उरली तर. त्याची बायको एका मोठ्या जहाजावर पाव भाजायच्या कामाला होती. ते जहाज आज संध्याकाळी, विमानानं दोन तासांवर असलेल्या बंदरात लागणार होतं आणि उद्या दुपारी चारला निघणार होतं. मग आठ महिने समुद्र. सात महिन्यांपूर्वी ती निघाली तेव्हा दोघांचं कडाक्याचं वाजलं होतं. भोंगा म्हणाला होता, “जायचंच असेल तर परत येऊ नकोस.” तोंडातून गेलं ते गेलं. नंतर त्यानं फोनवर दहादा माफी मागितली, पण समुद्रातला फोन कसला, निम्मे शब्द पाण्यातच पडायचे. “काय? काय म्हणालास?” असं ती विचारायची, आणि माफी काय माणूस पुन्हा पुन्हा ओरडून मागू शकतो? त्याला ती तिच्यासमोर उभं राहून मागायची होती.

म्हणून तो ताईच्या फाटकापाशी घसा फोडत होता. ताईचं मुलींचं वसतिगृह. सुट्टी लागल्यामुळे सगळ्या मुली घरी गेलेल्या, अकरा खोल्या रिकाम्या. पण चौदा वर्षांत ताईनं तिथं पुरुषाला पाय ठेवू दिला नव्हता. नळ दुरुस्त करायला माणूस आला तर ती हातात घंटा घेऊन त्याच्या पुढे चालायची. सख्खा भाऊसुद्धा चहा फाटकापाशी उभ्यानंच प्यायचा.

“बायकांना घेते मी,” ताई म्हणाली. “पाचही जणींना घेते. त्या ताडमाडाला तू तुझ्या खोलीवर ने.”

“माझ्या खोलीवर छपराचा पत्रा राहिलाय का बघून ये आधी!”

“माझ्यावर ओरडू नकोस हां!”

“मी ओरडत नाहीये! हा माझा आवाजच आहे!”

तेवढ्यात कॅप्टन बाई खाली उतरल्या. टोपी काखेत, डोळे लाल. त्यांनी भोंग्याला हातानंच गप्प केलं आणि ताईला विचारलं, “खोल्यांना आतून कड्या आहेत?”

“आहेत म्हणजे? दोन-दोन आहेत,” ताई फणकारली.

“आणि गाद्या?”

“ऊन दाखवून ठेवलेल्या. चादरी इस्त्रीच्या. हॉटेलवाल्यांना म्हणावं इथं येऊन शिका.”

“मग माझ्या माणसाला कुठं ठेवायचं ते तुम्हीच ठरवा. घर तुमचं, नियम तुमचा. मला फक्त सातच्या आत दार लावायचंय.”

झालं. भोंग्यानं वीस मिनिटं डोकं आपटून जे झालं नाही, ते या बाईनं दोन वाक्यांत केलं. ताईला कोणी ठरवायला सांगितलं की ती विरघळायची, हे भोंग्याला बेचाळीस वर्षांत कळलं नव्हतं. तिनं कमरेची किल्ली काढली. “फाटकाजवळ भेटीची खोली आहे. पालक येतात ना, त्यांच्यासाठी. ती काही वसतिगृहात धरत नाहीत. पण खाट नाहीये तिथं.”

“खाट मी आणतो!” भोंगा म्हणाला.

आणि आणली. वरच्या मजल्यावरून लोखंडी खाट एकट्यानं, पाठीवर घेऊन, ताई घंटा वाजवत पुढे आणि हा मागे. वळणावर खाट अडकली तेव्हा त्याच्या तोंडून असा शब्द गेला की ताईनं घंटा थांबवून मागे बघितलं. लांबूचे पाय खाटेबाहेर वीतभर येत होते. तो म्हणाला, “चालेल, दादा. विमानात तर गुडघे हनुवटीला लागतात.” आणि सहा पन्नासला सहाही कड्या लागल्या. भोंग्यानं कंपनीच्या ऑफिसात फोन करून वेळ नोंदवली. ड्यूटीवरच्या बाई म्हणाल्या, “चार पन्नासपर्यंत तिथं टाचणी पडता कामा नये. कळलं?”

“टाचणी नाही पडणार, बाई.”

आता बघा, ज्या माणसाला हळू बोलायला आईसुद्धा शिकवू शकली नाही, त्याच्यावर घर गप्प ठेवायची वेळ आली. पण पठ्ठ्या कामाला लागला, आणि ताईनंही घंटा बाजूला ठेवून एका रात्रीपुरतं त्याला आत फिरू दिलं. फाटकाच्या बिजागरीत तेल सोडलं. बाहेरच्या बेलची वायरच काढून टाकली. वसतिगृहाच्या ऑफिसातल्या फोनचा रिसीव्हर काढून उशीखाली दडपला. जिन्यातली खिडकी खडखडत होती, तिच्या फटीत जुनी वर्तमानपत्रं कोंबली. पाण्याचा पंप आपोआप सुरू व्हायचा, त्याचं बटण बंद केलं. न्हाणीघरातला नळ टपटपत होता, त्याला फडकं बांधलं. ताईची वहाण फटफट वाजायची, तर तिला अनवाणी चालायला लावलं.

“उद्या श्वास घ्यायचाही बंद करायला सांगशील,” ताई कुजबुजली.

“जमत असेल तर आजच कर.”

नऊला पाच मिनिटं कमी असताना अंगणात सायकलींच्या शेडचा एक पत्रा सुटला आणि थडथडायला लागला. भोंगा दोरी घेऊन धावला. पत्र्यावर चढून, पोटावर झोपून त्यानं तो बांधला. शेवटची गाठ मारतोय, तोच वाऱ्यातून त्याला घरातून आवाज आला.

ठक. ठक.

गाठ त्याच्या हातातच राहिली. कारण तो आवाज त्याला माहीत होता. हातातल्या किल्ल्यांच्या जुडग्यानं दारावर दोनदा ठोकायचं आणि आतून “आहे!” असं उत्तर आल्याशिवाय पुढे जायचं नाही. रोज रात्री नऊची हजेरी. ताईला ताप असला तरी, पाहुणे असले तरी, जग इकडचं तिकडे झालं तरी. नऊ वाजले, खोल्यांत माणसं आहेत, की ताईचे पाय आपोआप जिन्याकडे. पत्रे, नळ, पंप, सगळ्यांची तोंडं भोंग्यानं बंद केली होती. ताई त्याच्या डोक्यातच आली नव्हती.

शेडवरून त्यानं उडी मारली, गुडघा फुटला, तीन-तीन पायऱ्या गाळत वर पोचला. पहिल्या खोलीचं दार अर्धवट उघडं, आणि दारात सगळ्यात नवी मुलगी उभी, केस विस्कटलेले, डोळे किलकिले. “आहे,” ती म्हणत होती. “आहे मी. काय झालं?” आणि ताई दुसऱ्या दारापाशी, कॅप्टन बाईंच्या दारापाशी, जुडगा उचललेला.

भोंग्यानं तो हात हवेतच धरला.

ताईनं त्याच्याकडे बघितलं. मग जुडग्याकडे. मग तिच्या चेहऱ्यावरून रक्त असं उतरलं, जसं कोणी खालून बूच काढावं.

तिघं जण स्वयंपाकघरात येऊन बसले. दार लोटून घेतलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा भोंगा कुजबुजत भांडला.

“तुला सांगितलं होतं ना! सांगितलं होतं ना!”

“माझ्या लक्षातच… हात आपोआप गेला रे. नऊ वाजले आणि…”

“हात आपोआप गेला! तो हात बांधून ठेवायला हवा होता मी पत्र्याबरोबर!”

“दादा,” ती नवी मुलगी म्हणाली. जेमतेम दोन महिन्यांची नोकरी होती तिची. “मी कोणाला सांगणार नाही. मी लगेच झोपते परत. काही फरक पडत नाही.”

ताईनं मान वर केली. “खरंच की. आपण तिघंच जाणतो. कॅप्टन बाई तर झोपल्याच आहेत.”

भोंगा टेबलावरच्या मिठाच्या बरणीकडे बघत बसला. मनात हिशेब चालू झाला. चार पन्नासला मोजणी बरोबर भरेल. विमान निघेल. तो उद्या दहाच्या आत बंदरावर असेल. कोणाचं काय जातंय?

पण त्यानं त्या मुलीकडे बघितलं. ती बसल्या बसल्या डुलत होती, हनुवटी खाली जायची आणि ती दचकून वर करायची. ते दचकणं भोंग्याला ओळखीचं होतं. सहा वर्षांपूर्वी दुहेरी पाळी करून तो असाच दचकत गाडी चालवत होता, आणि शेवटी दचकला तेव्हा गाडी दुभाजकावर चढलेली होती. गाडी रिकामी होती म्हणून बरं. या मुलीचं काम नुसतं पाणी वाटायचं नव्हतं. विमानात काही झालं तर दार उघडून दीडशे माणसं दीड मिनिटात बाहेर काढायची असतात. हे त्याला माहीत होतं, कारण गाडीत त्या एकमेकींना त्या कामाच्या पाठांतराच्या ओळी म्हणून दाखवायच्या.

“च्यायला,” तो म्हणाला, आणि फोन उचलला.

ड्यूटीवरच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. “फक्त एक दार? नक्की? कॅप्टन नाही ना उठल्या?”

“नाही, बाई. हात मधेच धरला.”

“मग ती एक मुलगी बाद. तिचे तास आता नऊपासून. तिला झोपू दे.” कागद उलटल्याचा आवाज आला. “तिघींवर एकशे ऐंशी माणसं नेता येत नाहीत. दीडशेच्या वर एकही नाही. तिकिटं गेलीत एकशे अडुसष्ट. म्हणजे अठरा जण खाली.” मग म्हणाल्या, “तुझं ते उरली तर वालं तिकीट आहे ना रे?”

“हो.”

“मग तू एकोणिसावा,” बाई म्हणाल्या. “तरी फोन केलास. बरं केलंस.”

बरं केलंस! त्या ‘बरं केलंस’चं काय लोणचं घालायचंय? भोंग्यानं फोन ठेवला. ताईला फोनमधलं सगळं ऐकू आलं होतं. ती पदर तोंडाला लावून रडायला लागली, तेही आवाज न करता, कारण वर झोपलेत ना.

“रडू नकोस,” तो म्हणाला. “आणि हलूही नकोस या खुर्चीवरून.” मग स्वतः जिन्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसला. चार पन्नासपर्यंत तिथून उठला नाही; रात्रपाळीचा माणूस, दुपारपर्यंत झोप काढून आलेला.

सकाळी वारा खरंच पडला होता. कॅप्टन बाई खाली आल्या त्या ताज्यातवान्या, टोपी डोक्यावर. पाचच जण बघून त्यांनी भुवया वर केल्या. भोंग्यानं सांगितलं. ताई पुढे होऊन म्हणाली, “दार मी वाजवलं. चूक माझी.”

“मला तेव्हाच का नाही सांगितलं?” कॅप्टन बाईंनी विचारलं.

“सांगायला दार वाजवावं लागलं असतं, बाई,” भोंगा म्हणाला. “मग तुम्हीही बाद.”

कॅप्टन बाई हसल्या. आदल्या दिवसापासून पहिल्यांदा. मग ताईला म्हणाल्या, “वर्षभरात इतकी छान झोप लागली नव्हती. चादरींना वास कसला सुरेख होता.” ताईला रडावं की हसावं कळेना.

रस्त्यात दोन ठिकाणी झाडं पडलेली होती. एका ठिकाणी फूटपाथवरून गाडी काढावी लागली. भोंगा मनात म्हणत होता, पडा रे झाडांनो, आमच्या मागे अजून पडा. मग त्याची त्यालाच लाज वाटली. लोकांनाही कुठं कुठं पोचायचं असणार. पण लाज वाटून मन थोडंच थांबतं?

पाच वीसला त्यानं पाच जणांना विमानतळावर उतरवलं. सकाळच्या पाळीच्या ड्रायव्हरच्या हातात किल्ली दिली आणि काउंटरपाशी एका खांबाला टेकून उभा राहिला. पाच पन्नासला काउंटर बंद होणार, आणि पडलेल्या झाडांमुळे तोवर दीडशे भरले नाहीत, तर उरलेली जागा त्याची. चष्मेवाल्या बाई एकेकाचं तिकीट तपासत होत्या. दर थोड्या वेळानं भोंगा विचारायचा, “किती झाले?”

“एकशे एकवीस.” 

मग एकशे एकोणचाळीस. मग एकशे बेचाळीस. मग त्या म्हणाल्या, “सारखं विचारू नका हो, मोजणी चुकते माझी.”

पाच बेचाळीसला पाच जणांचं एक कुटुंब पळत आलं, लहान पोराच्या एकाच पायात बूट. एकशे सत्तेचाळीस. मग एक म्हातारं जोडपं, हातात हात, अजिबात घाई नाही. भोंग्याला वाटलं यांना उचलून आणावं, आणि वाटलं यांना रस्ताच सापडू नये. दोन्ही एकदमच वाटलं. एकशे एकोणपन्नास.

पाच सेहेचाळीस. फोन वाजला. ताई.

“झाली का रे जागा?” अगदी कुजबुजत.

“अजून नाही. तू का कुजबुजतेस?”

“ती वर झोपलीय ना. मी कोणाला फिरकू दिलं नाही. पेपरवाल्याला गल्लीच्या तोंडाशीच गाठलं, म्हटलं फेकायचा नाही, हातात दे.” मग म्हणाली, “ऐक. पोचलास तर तिला माझं सांग. ती गेली तेव्हा मीपण बोलले होते ना, की समुद्रावर जाणारी बाई घर काय सांभाळणार. ते…”

“ताई, आधी माझी माफी मागून होऊ दे. रांगेत तुझा नंबर माझ्या मागे.”

फोनमध्ये ताई फिस्सकन हसली. आणि त्याच वेळी दारातून एक माणूस बॅग सांभाळत धावत येताना भोंग्याला दिसला. सरळ काउंटरकडे. भोंग्यानं खांब घट्ट धरला. तो माणूस चष्मेवाल्या बाईंच्या पुढ्यात येऊन धापा टाकत म्हणाला, “मॅडम, बाथरूम कुठंय?”

बाईंनी डावीकडे बोट दाखवलं. तो डावीकडे पळाला.

भोंगा खांबाला धरून हसत सुटला. घसा फाडून, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा. रात्रभर कोंडलेला आवाज होता तो, काय करणार.

“अरे, काय झालं?” ताई फोनमधून विचारत होती. “वेडाबिडा झालास का? काय झालं सांग ना!”

चष्मेवाल्या बाईंनी घड्याळाकडे बघितलं, दाराकडे बघितलं, काउंटरवरची पाटी उलटी केली आणि हातातला कागद वर धरून भोंग्याला बोलावलं. “तुम्ही. हो, तुम्हीच. एकशे पन्नास. चला लवकर, दार लावताहेत.”

“ताई, ठेव फोन. मला निघायचंय.”